कट्ट्यामागं दोन रुपये

मागच्या महिन्यात मिलच्या मुनिमानं मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तो मला बस म्हणाला. मी उभाच राहिलो. कपड्याला चुनी लागलेली होती आणि खुर्ची स्वच्छ होती.

"जुना मुकादम चाललाय गावाकडं," मुनीम म्हणाला. "लेबरचं कंत्राट तू घे. तू शिकलेला हाईस, लिहितोस बी. बारा पोरं तुझ्याच वस्तीतली हाईत, तुझं ऐकतेत. मिल कट्ट्यामागं सात रुपये देती. पोरांना पाच पडतेत, ते तसेच पडू दे. मधले दोन तुझे. दिवसाला बाराशे कट्टे कुठं गेले नाहीत. कर हिशोब."

हिशोब मला येतो. दिवसाला चोवीसशे. आज मी पन्नास किलोचे शंभर कट्टे पाठीवरून गाडीत चढवतो. म्हणजे पाच टन तूरडाळ. त्याचे पाचशे मिळतात. उद्या एकही कट्टा न उचलता चोवीसशे मिळणार होते. आणि सात रुपयांचा आकडा त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला. सहा वर्षं मला वाटायचं, मिलचा भावच पाच आहे.

त्या रात्री झोप आली नाही. मित्रांनो, या पानांवर माझ्या कविता तुम्ही वाचल्या आहेत. आज कविता देत नाही. त्या रात्रीचा प्रश्न देतो. आपल्यातला माणूस धंदा करून वर गेला, तर नेमकं कोण वर गेलं? आणि वर जाताना त्याचा पाय कुणाच्या पाठीवर होता, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे की नाही?

मी दोन दोस्तांना विचारलं. पहिला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायच्या खटपटीत आहे. तो उडालाच. "काय लका, विचार कसला करतोस? किती दिवस पोती वाहणार? नोकरी मागत हिंडण्यापेक्षा नोकरी देणारे व्हा, असं आपलीच माणसं सांगलालीत. तू नाही घेतलंस तर दुसरा घेईल. पोरांना पाचच पडणार हाईत. मग ते दोन आपल्या माणसाच्या खिशात गेलेले काय वाईट?"

दुसरा दोस्त चळवळीतला. तो म्हणाला, "मनमाड विसरलास का? १९३८ च्या फेब्रुवारीत रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगाराचे दोन शत्रू सांगितले. एक ब्राह्मणशाही, दुसरी भांडवलशाही. आता तू दुसऱ्या शत्रूच्या ओसरीवर जाऊन बसणार?"

दोघंही खरं बोलत होते. म्हणून तर झोप येत नव्हती. खोटं बोलणाऱ्याला उत्तर देणं सोपं असतं.

आधी पहिल्या दोस्ताचं खरं काय ते बघू. धंदा आपल्याला जमत नाही, आपल्या रक्तात नाही, असं बोलणारे मोंढ्यात पुष्कळ भेटतात. ते रक्ताचं बोलतात, हातपाय बांधलेले होते त्याचं बोलत नाहीत. गावगाड्यात महाराला वतन होतं, म्हणजे मढं ओढायचं, सांगावा पोचवायचा आणि घरोघर भाकर मागायची. मांगाला दोर, चांभाराला जोडा. माल करायचा आपण, भाव ठरवायचा गावानं, आणि मोबदला सुगीला खळ्यावर, तोही दिला तर. भाव ठरवायचा हक्क ज्याला नाही त्याचा धंदा कसा उभा राहील? हॉटेल टाकलं तर चहा कोण पिणार? गाय पाळली तर दूध कोण घेणार?

बाबासाहेबांचंच बघा. १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही म्हणून अपमान घेऊन ते मुंबईला परतले. पोट भरायला हवं म्हणून शिकवण्या केल्या आणि शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा काढला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! गिऱ्हाईक आलंही. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक गेलं. सल्ल्याला काय पाण्यासारखा विटाळ होतो? पण झाला. धंदा बुडाला तो अक्कल कमी होती म्हणून नाही.

मुंबईच्या गिरण्यांतही तेच. आपल्या माणसाला सूतखात्यात घ्यायचे, विणकाम खात्यात घ्यायचे नाहीत. तिथं धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणजे थुंकीचा विटाळ. आणि पगार विणकाम खात्यातच जास्त. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. जिथं पैसा जास्त तिथंच विटाळ कसा आडवा येतो, हे ज्याला समजलं त्याला जात आणि भांडवल यांचं नातं समजलं.

आता घरचं सांगतो. माझा आजा नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होता. पगारातून पैसे साठवून त्यानं बहिणीच्या नवऱ्याला शिलाई मशीन घेऊन दिली. जुनीच, पण चालू. खेड्यात आमच्या नात्यातला तो पहिला धंदा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. वस्त्या जळाल्या. त्यात ती मशीनही गेली. आजा सांगायचा, राखेत नुसतं लोखंडी चाक उरलं होतं. ते त्यानं उचलून आणलं आणि मरेपर्यंत ठेवलं.

त्याच जुलै १९७८ मध्ये सरकारनं मागासवर्गीयांना धंद्यासाठी कर्ज मिळावं म्हणून महात्मा फुले विकास महामंडळ काढलं. महिना एकच. मुंबईत कर्जाचे अर्ज निघत होते आणि मराठवाड्यात मशीनी जळत होत्या. भांडवल म्हणजे बँकेतला पैसा, असं पुस्तकात असेल. आमच्याकडं भांडवल म्हणजे रात्री न जळालेलं घर.

म्हणून या मातीतला कुणी धंद्यात उभा राहिला तर मी आधी जयभीम घालतो, प्रश्न नंतर विचारतो. मिलिंद कांबळे आपल्याच लातूर जिल्ह्यातले. चोबळी हे त्यांचं गाव. १९६७ चा जन्म, म्हणजे मराठवाडा जळत होता तेव्हा वय अकरा. नांदेडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पुणं गाठलं. तिथं बांधकामाच्या धंद्यात शिरले. सुरुवातीच्या कामात एका कॉलेजच्या कुंपणाची भिंत होती. पुढं स्वतःची कंपनी झाली, मोठी कामं झाली. २००५ साली त्यांनी दलित उद्योजकांचा चेंबर, म्हणजे डिक्की, स्थापन केला. २०१३ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी अकोल्याकडच्या कल्पना सरोज यांनाही मिळाली. बालपणी लग्न लावून दिलेली पोरगी, मुंबईत दिवसाला दोन रुपयांवर कपड्याच्या कारखान्यात राबलेली, आणि पुढं कमानी ट्यूब्सची मालक.

हे लहान काम नाही. २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये एक पाहणी आली होती. देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांच्या जाती तपासल्या, तर शंभरातले ९३ उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून साडेतीन. ज्या खोलीत देशाच्या पैशाचं ठरतं तिथं आपलं माणूस नाही. त्याच वर्षापासून केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी शंभरातली चार रुपयांची खरेदी आपल्या लहान उद्योगांकडून करावी, असा नियम झाला. पण खरेदी वर्षानुवर्षं त्या चारापासून लांबच राहिली. २०१६ साली प्रत्येक बँक शाखेनं निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दहा लाखांपासून कोटीपर्यंत कर्ज द्यावं अशी योजना आली. कागद चांगला होता. पण कागदाला जामीन लागतो, आणि जामीन राहायला ज्याच्याकडं शेत आहे असा पाहुणा आपल्या वस्तीत नसतो. एवढ्यातून जो वर आला त्याला 'भांडवलदार झाला' म्हणून शिवी देणं मला जमत नाही. शिवी देणाऱ्यानं आधी त्या राखेतलं चाक हातात घेऊन बघावं.

पण.

यशाची गोष्ट सांगायची एक रीत पडली आहे. गरीब घर, अपमान, जिद्द, शहर, पहिलं काम, मोठी गाडी, सत्कार. त्या गोष्टीत भिंत येते, भिंतीचा गवंडी येत नाही. विटा वाहणारी बाई येत नाही, तिचा रोज किती होता ते येत नाही. ही एका माणसाची चूक नाही. गोष्टच तशी सांगतात. सवर्ण शेठची गोष्टही तशीच सांगतात. माझं भांडण एवढंच आहे की आपली गोष्ट आपणही तशीच का सांगावी? गवंडी तर आपलाच आहे. विटा वाहणारी आपलीच माय आहे.

आणि इथं दुसऱ्या दोस्ताचंही पुरतं खरं नाही. पैसा म्हटलं की तो नाक मुरडतो. त्याला मी जोतिबांची आठवण दिली. जोतिबा फुले नुसते शिक्षक नव्हते. ते कंत्राटदार होते. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या कामात त्यांची कंत्राटं होती. पैसा त्यांनी मिळवला आणि सत्यशोधक समाजाच्या कामाला लावला. कंत्राटी कामात मजुराला कोण कसं लुबाडतं, साहेबाच्या हाताखालचा कारकून कुठं हात मारतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि उघड लिहिलं. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आज आपल्याला रविवारची सुट्टी आहे ती लोखंड्यांच्या लढ्यातून आलेली, १८९० पासूनची. म्हणजे कंत्राटदार आणि कामगार पुढारी एकाच समाजात होते, एका सतरंजीवर बसत होते. जोतिबांनी कंत्राट घेतलं म्हणून लोखंडे उठून गेले नाहीत.

मग पाप कशात आहे? धंद्यात नाही. मालक होण्यातही नाही. कामगारच मालक झाले की सगळं आपोआप सुटतं असंही नाही. ज्या कमानी ट्यूब्सचं नाव वर घेतलं, ती कंपनी १९८८ साली सुप्रीम कोर्टाच्या मान्यतेनं कामगारांच्याच हाती आली होती. देशभर कौतुक झालं. पण ती काही वर्षांतच पुन्हा गाळात गेली आणि २००६ साली कल्पना सरोज यांच्याकडं आली. हेतू चांगला म्हणून हिशोब आपोआप चांगला होत नाही. उलट पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमालांची संघटना, हमालांचं भाकरी-भाजीचं केंद्र, गरिबाला परवडणारा भाव. ते टिकलं, वाढलं. तोही धंदाच आहे की. गल्ला आहे, खरेदी आहे, नफा-तोटा आहे. फक्त गल्ल्यावर काय जमतं ते भाकरी थापणाऱ्या बाईला माहीत असतं.

या सगळ्यात मी चार-पाच रात्री घोळत होतो. उत्तर पुस्तकातून आलं नाही. मायकडून आलं.

माय पूर्वी याच डाळीच्या धंद्यात निवडायला होती. वीस-वीस बाया ओळीनं बसून डाळीतले खडे, काळे दाणे, टरफलं वेचायच्या. मग रंग ओळखून दाणा उडवणारं मशीन आलं, सॉर्टेक्स. बाया घरी बसल्या. डोळे तोवर गेलेच होते. मी तिला सगळं सांगितलं. सात, पाच, दोन. चोवीसशेचा आकडा ऐकून ती खूश होईल असं मला वाटलं. घराला पत्रे बदलायचे आहेत. बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण आहे.

ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "त्या दोन रुपयाचं तू काम काय करणार?"

मी म्हणलं, "कंत्राट माझ्या नावावर राहणार ना."

"नाव तर आताबी हाय तुझं. काम काय करणार?"

मला उत्तर देता येईना. मित्रांनो, मी बाबासाहेब वाचलेत, मार्क्सचं मराठीत आलेलं थोडंफार वाचलंय, नफा म्हणजे काय यावर तासभर बोलू शकतो. पण या आंगठेबहाद्दर बाईनं विचारलेला प्रश्न मला कुठल्या पुस्तकात इतक्या सरळ भेटला नव्हता. दोन रुपयाचं काम काय?

मग बसून लिहून काढलं. मुकादम काय काम करतो? हजेरी मांडतो. गाडी आली की पोरं गोळा करतो. आठवड्याला मिलकडून पैसे उचलून वाटतो. अडीनडीला उचल देतो आणि ती व्याजासकट कापून घेतो. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे सात हा आकडा लपवून ठेवतो. दोन रुपयांतला पाऊण भाग या लपवण्याचाच आहे. हजेरी, वाटप, धावपळ याला किंमत आहे, ती कुणीही द्यावी. लपवण्याला किंमत नाही. जुन्या काळी गावानं आपल्यापासून अक्षर लपवलं, आता मुकादम आकडा लपवतो. लपवणारा आपल्या जातीचा निघाला म्हणून लपवणं पवित्र होत नाही.

तेव्हा मला कसोटी सापडली. मोठी नाही, माझ्यापुरती आहे. जो पैसा बारा जणांसमोर मोजता येतो तो आपला. जो दार लावून मोजावा लागतो तो कुणाच्या तरी पाठीचा. धंदा हमालानं करावा की शेठनं, महारानं करावा की मारवाड्यानं, कसोटी तीच. पद्मश्रीवाल्यालाही तीच आणि मलाही तीच.

महाराष्ट्रात १९६९ सालापासून माथाडी कायदा आहे. त्याचा गाभाच हा की मुकादम मधून काढायचा, हमालांची टोळी नोंदवायची, मालकानं मजुरी मंडळात भरायची आणि तिथून ती हमालाच्या हातात पडायची. कायदा पन्नास वर्षांहून जुना झाला. आमच्या बारा जणांतल्या एकालाही तो माहीत नव्हता. मलाही मुनिमानं खुर्ची दाखवल्यावर शोधावासा वाटला, ही माझी लाज आहे. ती इथं लिहून ठेवतो.

गेल्या रविवारी विहाराच्या ओट्यावर बारा जणांना बोलावलं. मला धरून तेरा. आकडा सांगितला. सात.

कुणी बोललं नाही. मग आमच्यातला सगळ्यात वयस्कर मामा, पाठीला कट्टा घासून घासून ज्याचं कातडं काळं पडलंय, तो म्हणाला, "एकवीस वर्षं, बाबा." एवढंच. त्यानं मनात काय गुणाकार केला ते मला कळलं. मी खाली बघितलं.

मग भांडण झालं. ते झालंच पाहिजे. एक पोरगा म्हणाला, "सात तर सात, पुरे वाटून घ्या, मुकादम कशाला पाहिजे?" दुसरा म्हणाला, "मग हिशोब कोण ठेवणार? तू? तुला सही येईना." तिसऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "वेडा हाईस. मला विचारलं असतं तर मी गप घेतलं असतं." त्याचा मला राग आला नाही. त्याच्या घरात दवाखाना चालू आहे.

शेवटी ठरलं ते असं. कट्ट्यामागं सहा रुपये उचलणाऱ्याला. पन्नास पैसे हजेरी, हिशोब, गाडीवाल्याशी बोलणं आणि मिलमधून पैसे आणणं यासाठी मला. पन्नास पैसे सगळ्यांच्या पेटीत, आजारपणाला आणि बिनव्याजी उचलीला. बाराशे कट्टे भरले तर बारा जणांना प्रत्येकी सहाशे, मलाही सहाशे, पेटीत सहाशे. भाव आणि कट्टे रोज खडूनं विहाराच्या भिंतीवर लिहायचे. वर्षानं बारा जणांना वाटलं तर हिशोबाला दुसरा माणूस बसेल आणि मी पुन्हा पाठ देईन. टोळीची नोंदणी करायची खटपट सुरू करायची.

सोमवारी मुनिमाला सांगितलं. तो हसला. "असा धंदा होत नसतो. तू काही मोठा होत नाहीस." मालकाला विचारून सांगतो म्हणाला. मालकाचं काय, सात जातात ते कुणाच्या का हाताला जाईनात, त्याला काम झाल्याशी मतलब. पण भिंतीवर भाव लिहिलेला त्याला चालेल का, हा प्रश्न आहे. उद्या आठ मागतील, ही भीती त्याला असणारच. ती भीती खरी आहे. आम्ही मागणार आहोत.

मी मोठा होणार नाही, हे मुनिमाचं कदाचित खरं ठरेल. पत्रे यंदा बदलणार नाहीत. चोवीसशेचे सहाशे झाले तेव्हा माझ्या पोटात तुटलं, हे कबूल करतो. मी साधू नाही. मलाही मोटारसायकल पाहिजे, बहिणीची फी वेळेवर भरायची आहे. आपल्या पोरांनी धंदा करू नये, असं मी मेलो तरी म्हणणार नाही. करा. दुकान टाका, कंत्राट घ्या, मिल काढा. जळालेल्या मशीनीच्या जागी दहा मशीनी उभ्या करा. फक्त एक विचारत राहा, आणि तुमच्याकडं कामाला येणाऱ्यालाही विचारू द्या. त्या दोन रुपयाचं काम काय?

हे सगळं छापून ठेवायचं एक कारण आहे. माणूस बदलतो. खुर्चीवर बसला की लवकर बदलतो. दोन वर्षांनी भिंतीवरचा खडू पुसला गेलेला दिसला, मी दार लावून पैसे मोजताना दिसलो, तर हे पान घेऊन माझ्याकडं या. वाचता न येणाऱ्या मामालाही घेऊन या. त्याच्यासमोर मला हे मोठ्यानं वाचायला लावा.

जयभीम.